जाणत्याचें मौन

१८६२ सालचा राणीछाप रुपया हातांत घेतला आणि त्यावरील आंकडा वाचला, म्हणजे तो रुपया त्याच सालीं पडला असें कोणीही समजेल. पण तसें समजणें पुष्कळदां चुकीचें ठरतें. दरसालचा आंकडा घालण्याची पद्धत १८७४ सालीं सुरू होईपर्यंत रुपयावर १८६२ हेंच साल कायम राहिलें होतें. मुंबईच्या टांकसाळींतील ठशांवर मात्र या मुदतींत बारीक ठिपके दिलेले आढळतात. सालाच्या आंकड्याखालीं कांहीं, आणि कित्येक ठशांवर वरच्या अंगासही कांहीं. ही संख्या सर्वत्र सारखी नाहीं. ती वर्षांची खूण म्हणून घातली जात असावी असें या विषयाचे अभ्यासक मानतात. ज्याला हें ठाऊक नाहीं त्याला हे सर्व रुपये एकाच मासल्याचे वाटतात; ज्याला ठाऊक आहे तो आधीं भिंग काढतो आणि मोजूं लागतो. कारण ठिपक्यांच्या कांहीं जुळण्या सर्रास सांपडतात, कांहीं शोधूनही सांपडत नाहींत. आणि अशा दुर्मिळ जुळणीच्या रुपयाला संग्राहक चांदीच्या अनेक पट मोल देतो.

हा तपशील प्रारंभींच देण्याचें कारण असें कीं, अशाच एका रुपयापायीं आमच्या मनाला एक टोंचणी लागून राहिली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका ओळखीच्या सराफाच्या पेढीवर बसलों होतों. तेवढ्यांत एक वृद्ध बाई रुपयांची पुरचुंडी घेऊन आल्या. सासूच्या वेळचे रुपये होते. नातवाची फी भरावयाची होती. सराफांस आमचा नाद ठाऊक असल्यामुळें त्यांनीं ते काट्यांत टाकण्यापूर्वीं सहज आमच्यापुढें सरकविले. त्यांतल्या एकावर आमची नजर खिळली. भिंग खिशांत होतें. पण तें आम्हीं काढलें नाहीं. उघड्या डोळ्यांनींच काय तें ओळखलें, आणि रुपया पुन्हां ढिगांत ठेवला. इतक्यांत बाईंनीं विचारलें, "दादा, जुने आहेत हे. जुन्याचे कांहीं जास्त येतात का हो?" सराफ म्हणाले, "आजी, चांदीचा भाव तोच रुपयाचा भाव." सराफ खोटें बोलले नाहींत; त्यांच्या माहितीप्रमाणें तें खरेंच होतें. आम्हांस तर कोणीं कांहीं विचारलेंच नव्हतें. बाई पैसे मोजून घेऊन गेल्या, आणि घटकाभरानें चांदीच्या भावावर सराफांस थोडा नफा देऊन तो एक रुपया आम्हीं विकत घेतला.

आम्हीं कोणाला फसविलें काय?

त्या दिवशीं हा प्रश्न आमच्या मनांत उठला नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्या दिवशीं आनंदच झाला, आणि त्या आनंदाला कांहीं आधार नव्हता असेंही नाहीं. नाण्यांवरील भेद ओळखणें ही विद्या वाटते तितकी सोपी नाहीं. कांहीं भेद बाजारांतल्या कोणालाही दिसतात, ही गोष्ट वेगळी. पांचव्या जॉर्जचा १९११ सालचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरील पदकमालेंत हत्तीचें चित्र होतें. पण त्याची सोंड व पाय इतके आंखूड उतरले कीं लोकांस तें डुकराचें चित्र वाटलें. गवगवा झाला. ९४ लाखांच्या आसपास रुपये पडले होते. त्यांपैकीं सुमारें ७ लाख चलनांत गेल्यावर बाकीचे सरकारनें अडकवून वितळविले, आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड फुटली. संग्राहकांत त्या रुपयाला आजही डुकराचेंच नांव आहे. अशा नाण्याच्या बाबतींत विकणारा व घेणारा बहुधा सारखेच जाणते असतात, आणि त्यांच्या व्यवहारांत आम्हांस कांहीं बोलावयाचें नाहीं.

शिवराईचें तसें नाहीं. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', एवढाच मजकूर. पण ठसे हातानें कोरलेले व कोरणारे अनेक, त्यामुळें 'शिव'चा कोठें 'शीव' होतो, कोठें 'सिव', कोठें 'सीव'. 'पति'ची वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ होते. त्यांत तांब्याचा तुकडा पुष्कळदां ठशाहून लहान, म्हणून अर्धीं अक्षरें काठाबाहेर गेलेलीं, आणि उरलेलीं शेंकडों हातांनीं झिजविलेलीं. मोडीच्या तांब्याच्या ढिगापुढें दिवसभर बसून एकेक शिवराई उन्हाकडे तिरपी धरणारा मनुष्य आम्हीं पाहिला आहे. ऱ्हस्वदीर्घाची चूक सांपडल्यावर त्याच्या मुद्रेवर जो हर्ष दिसे तो कोणा पंतोजीच्या मुद्रेवर आम्हांस कधीं दिसला नाहीं.

परदेशांत तर ही विद्या फारच सूक्ष्म झाली आहे. अमेरिकेंत १९५५ सालीं फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत एका ठशावर मूळ छाप दोनदां उमटवितांना दुसऱ्या खेपेस ठसा किंचित् फिरला, आणि त्या ठशानें पाडलेल्या सेंटवर साल व अक्षरें दुहेरी आलीं. तपासनिसांच्या ध्यानांत येईपर्यंत असे २०,००० ते २४,००० सेंट इतर नाण्यांत मिसळून गेले होते. तेवढ्यासाठीं सगळा ढीग वितळविण्यापेक्षां ते तसेच बाहेर जाऊं द्यावे असें ठरलें. आज त्यांतला एक मिळविण्यासाठीं लोक वाटेल ते पैसे मोजतात. मात्र दुहेरी अक्षर दिसलें कीं घबाड सांपडलें असें मानणारा हटकून फसतो. नाणें पाडतांना ठसा सैल राहून हालला तरीही अक्षर दुहेरी दिसतें. पण तेथील दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी, मूळ अक्षराचीच जाडी खाऊन झालेली असते, आणि तिला कोणी कवडी देत नाहीं. खऱ्या दुहेरी ठशांत दोन्ही अक्षरें गोलाईनें वर उठलेलीं असतात. त्याच देशांत १९३७ सालीं डेन्व्हर येथें पांच सेंटांच्या नाण्याचा एक ठसा घासून साफ करतांना त्यावरील रानरेड्याचा पुढचा एक पाय पुसला गेला. खूर तेवढा राहिला. तीन पायांच्या या नाण्याला भारी किंमत येऊं लागतांच लबाड लोक साध्या नाण्यावरचा पाय कानशीनें घासून काढूं लागले. जाणता मनुष्य म्हणून पायाकडे पाहतच नाहीं. तो पोटाखालीं पाहतो. खऱ्या नाण्यावर पोटापासून जमिनीपर्यंत बारीक उंचवट्यांची एक ओळ असते. ती ठशाची खूण आहे, आणि कानस धातु काढूं शकते, उंचवटा उत्पन्न करूं शकत नाहीं.

आमच्या बाजूनें जें काय बोलतां येईल त्याचें सारें बळ येथें आहे. हें ज्ञान कोणीं आम्हांस फुकट दिलेलें नाहीं. त्यापायीं डोळे गेले, रात्री गेल्या, पैसाही गेला. एकदां घासलेल्या नाण्यावर आम्हीं चांगलीच रक्कम घालविली, तेव्हां विकणारानें आम्हांस सावध केलें नव्हतें. मग त्या ज्ञानाचें फळ घेतांना आम्हीं तरी तोंड कां उघडावें?

आमच्या एका वकील मित्रापुढें आम्हीं हा प्रश्न ठेवला, तेव्हां तो निकालांत काढण्यास त्यांस पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १७ वें कलम त्यांनीं दाखविलें. नुसतें मौन म्हणजे फसवणूक नव्हे, जेथें बोलणें हें कर्तव्यच असेल अथवा गप्प राहणें हें बोलण्यासारखेंच असेल तेथची गोष्ट निराळी, असें तें कलम सांगतें. आणि भाव बदलल्याची खासगी बातमी एका व्यापाऱ्यास असली तरी ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाहीं, असा दाखलाही देतें. पुढें २० व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत, वस्तूच्या किंमतीविषयींचा गैरसमज हा वस्तुस्थितीविषयींचा गैरसमज मानावयाचा नाहीं, असें आहे. "बाईंचा गैरसमज किंमतीपुरता होता," मित्र म्हणाले, "आणि तुम्ही तर त्यांच्याशीं व्यवहारही केला नाहीं, सराफाशीं केलात. उद्यां म्हणाल, वकिलानें प्रतिपक्षालाही सल्ला द्यावा!" कायद्याचें त्यांचें म्हणणें बरोबर होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण घरीं परततांना मनाचें समाधान झालें नव्हतें.

या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. सिसेरो यानें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत एक प्रसंग घातला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन तेथें येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें लोकांस सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें धान्य विकावें? बाबिलोनचा डायॉजिनीस म्हणतो, न सांगणें वेगळें आणि लपविणें वेगळें; जें जें दुसऱ्यास ऐकणें हिताचें तें तें सर्व सांगण्यास मी बांधलेला नाहीं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसानें माणसाचें हित पाहावें असा जर आपला धर्म, तर त्याच्या हिताची गोष्ट त्याच्यापासून राखून कशी ठेवावी? सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूला पडतो. आमची स्वतःची ओढ, खरें सांगावयाचें तर, बराच काळ गुरूकडे होती. व्यापाऱ्यानें आपली सर्व माहिती चव्हाट्यावर मांडावयाची म्हटलें तर कोणी समुद्र ओलांडून धान्य आणणारच नाहीं.

परंतु त्याच ग्रंथांत दुसरी एक हकीकत आहे, आणि ती विकणाराची नसून घेणाराची आहे. स्केव्होला नांवाच्या गृहस्थास एक शेत घ्यावयाचें होतें. त्यानें मालकास एकच किंमत सांगावयास लावली, मालकानें सांगितली. त्यावर स्केव्होला म्हणाला, माझ्या मतें हें याहून अधिक मोलाचें आहे. आणि त्यानें एक लाख सेस्टर्स वर दिले. हा सज्जन होता हें सर्वच कबूल करतात, पण तो शहाणा होता असें कोणी म्हणत नाहीं, अशी त्यावर सिसेरोची टीका आहे. दोन हजार वर्षांत या अभिप्रायांत कांहीं फरक पडल्याचें आम्हांस दिसत नाहीं.

आपल्याकडे या संबंधांत महाभारताच्या शांतिपर्वांतील तुलाधाराची आठवण होते. जटांत पक्ष्यांनीं घरटें केलें तरी न हाललेल्या जाजलीला आपल्या तपाचा गर्व झाला, तेव्हां धर्म शिकण्यासाठीं त्याला काशीच्या या वाण्याकडे जावें लागलें. आणि आपली तागडी सर्वांस सारखी, हें त्या वाण्याच्या धर्माचें सार होतें. कथा सुंदर आहे, पण आमच्या अडचणींत ती अर्ध्यावरच सोडून देते. त्या दिवशीं सराफांचा कांटा अगदीं बरोबर होता. रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. मग त्यावर ठिपके असोत वा नसोत. जें तागडींत उतरत नाहीं त्याचें काय करावयाचें, हाच तर प्रश्न.

त्याला भिडणारा विचार आम्हांस तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती आचार्यापाशीं सांपडला. धान्याच्या जहाजाविषयीं तो सिसेरोइतका कडक नाहीं. पुढें भाव उतरेल हें न सांगणारा व्यापारी न्यायाचा भंग करीत नाहीं, असें त्याचें मत आहे. पण घेणाराविषयीं तो म्हणतो कीं, विकणारा जर आपली वस्तु हलक्या जातीची समजून, म्हणजे सोनें पितळ समजून, विकीत असेल आणि घेणारास तें कळत असेल, तर ती खरेदी अन्यायाची होय व त्यानें भरपाई केली पाहिजे. येथें वस्तूची जात आणि वस्तूचा भाव यांत त्यानें जो भेद केला आहे तो मार्मिक आहे. आमच्या वकील मित्रांचें २० वें कलमही याच भेदावर उभें आहे. फरक इतकाच कीं, त्यांनीं आमचा रुपया भावाच्या खात्यावर टाकला.

तो तेथें टाकणें बरोबर आहे काय? वरवर पाहतां आहे. दोन ठिपके अधिक असल्यानें चांदीचें सोनें होत नाहीं. किंबहुना येथें एक सूक्ष्म युक्तिवाद करतां येतो, आणि तो आम्हीं स्वतःशीं अनेकदां केला आहे. ठिपके कोणीं मोजले नसते तर त्यांस मोल आलेंच नसतें. तें मोल बाईंच्या पुरचुंडींत नव्हतें. तें मोजणारांच्या डोळ्यांत होतें. बाईंजवळ जें होतें, म्हणजे चांदी, त्याचा पुरा पैसा त्यांस मिळाला. वरचें जें होतें तें आमचें आमच्याजवळच होतें. मग आम्हीं त्यांचें घेतलें काय?

या युक्तिवादानें आमचें बरेच दिवस समाधान केलें. पण एके दिवशीं संग्रह चाळतां चाळतां त्यांतली फट दिसली. मोल जर आमच्या डोळ्यांत असतें, तर शेजारच्या साध्या रुपयाकडे पाहूनही तें आम्हांस मिळावयास हवें होतें. तें मिळत नाहीं. डोळा हवा हें खरें, पण तोच रुपयाही हवा. आणि तो रुपया कोणी सून तिच्या सासूकडून घेऊन, पाटल्या करण्यासाठीं न आटवितां, अडीअडचणींतही न मोडतां, पेटीच्या तळाशीं इतकीं वर्षें सांभाळीत आली होती. आमच्या अभ्यासाला श्रम म्हणावयाचें तर त्या सांभाळण्याला काय म्हणावयाचें? शिवाय ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याला जें ठाऊक होतें तें समुद्रावर होतें, धान्याच्या दाण्यावर नव्हतें. आम्हांस जें ठाऊक होतें तें प्रत्यक्ष त्या बाईंच्या वस्तूवर कोरलेलें होतें. उद्यांचा भाव सांगण्यास कोणी बांधलेला नसेल. पण तुझ्या हातांत काय आहे, हें ज्याचें त्यालाच न सांगणें ही गोष्ट आम्हांस आतां भावाच्या खात्यांत बसवितां येत नाहीं. आणि बाईंनीं विचारलें होतें. आम्हांस नव्हे, हें खरें. पण उत्तर त्या पेढीवर फक्त आम्हांसच येत होतें.

यावरून प्रत्येक वेळीं तोंड उघडलेंच पाहिजे असें आमचें म्हणणें नाहीं. नाण्यांचे व्यापारी प्रदर्शनांतून आपले ट्रे मांडून बसतात, किंमती लिहून ठेवतात, आणि येणारांनीं आपली नजर आजमावावी अशीच त्यांचीही इच्छा असते. तीं नाणीं त्यांनींही कोणाच्या तरी नजरचुकीनें मिळविलेलीं असतात. तेथें आम्ही अजूनही गप्प बसतों, आणि रात्रीं झोंप चांगली लागते. तसेंच, सांगितलें म्हणजे नफा सोडलाच पाहिजे, असेंही आम्हांस वाटत नाहीं. स्केव्होलाची बरोबरी करण्याची आमची ऐपत नाहीं. "आजी, या एका रुपयाला अधिक पैसे येतील, गिऱ्हाईक मी पाहतों, त्यांतला इतका वांटा माझा," असें म्हणतां आलें असतें, आणि बाईंनीं तें आनंदानें मानलें असतें. तें म्हणावयास जड कां गेलें याचा विचार करतों तेव्हां आम्हांस राहून राहून खिशांतलें भिंग आठवतें. तें बाहेर काढण्यांत लाज कसली होती? तें पाहून कोणी "काय दिसतें?" असें विचारील, एवढीच भीति होती. म्हणजे न्याय कोणत्या बाजूला आहे हें त्या क्षणींही आम्हांस ठाऊक होतें. सिसेरो व अक्वायनस मागाहून वाचले.

पुढें आम्ही सराफांकडे जाऊन सर्व हकीकत सांगितली. वहींत बाईंचें नांव होतें, पत्ता अपुरा होता. दोन ठिकाणीं चौकशी केली, पण थांग लागला नाहीं. आमच्या बोलण्याचा सराफांनीं वेगळाच अर्थ घेतला. "असें होय? मग यापुढें रुपये आले कीं आधीं तुम्हांलाच फोन करीन," ते म्हणाले. त्यांस आमचा रोख समजावून देण्यास बराच वेळ लागला, आणि तो पुरता समजला असें अजूनही वाटत नाहीं. शेवटीं ठिपके कोठें पाहावयाचे, कोणती जुळणी विरळा, हें मोठ्या अक्षरांत लिहून चित्रासह एक कागद आम्हीं त्यांस दिला. मिनतवारीनें त्यांनीं तो गल्ल्यावरील कांचेखालीं, गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून, ठेवला. गेल्या महिन्यांत एका गृहस्थांनीं तो शांतपणें वाचला, सराफांकडून भिंग मागून घेतलें, आणि आपले सात रुपये परत रुमालांत बांधून घरीं नेले. त्यांतला एक आम्हांस हवा होता.